'अँटिगनी'मधले पंधरा म्हातारे: स्वतःची निवड आणि गप्प बसलेलं नगर

अश्मक

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या 'अँटिगनी' या नाटकावर बोलणं निघालं की ते दोनपैकी एका वाटेला लागतं. एक वाट म्हणते, ईडिपसच्या घराण्यावर शापच होता, पोरीचं मरण आधीच ठरलेलं होतं. दुसरी म्हणते, ही व्यक्ती विरुद्ध राज्यसत्ता अशी झुंज आहे, इकडे ईडिपसची मुलगी अँटिगनी आणि तिकडे थीब्जचा राजा क्रेऑन. या दोन्ही वाचनांत, जी माणसं सर्वांत जास्त वेळ रंगभूमीवर उभी आहेत तीच निसटतात. थीब्ज नगराचे पंधरा वृद्ध नागरिक, म्हणजे समूहाने बोलणारा-गाणारा कोरस. ते १००व्या ओळीला येतात आणि १३५३व्या, म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत तिथेच असतात.

माझं म्हणणं असं की या नाटकात माणसाला निवड करता येते का, या प्रश्नाचं उत्तर या पंधराजणांच्या वागण्यात आहे. त्यांचं बोलणं ओळीने लावून पाहा.

अँटिगनीचे दोन भाऊ एकमेकांशी लढून मेलेत. क्रेऑन हुकूम जाहीर करतो: एटिओक्लीझला सन्मानाने मूठमाती, नगरावर चालून आलेल्या पॉलिनिसीझचं प्रेत उघड्यावर, कुत्र्यागिधाडांसाठी. कोरसचं उत्तर ओळ २११ ते २१४ मध्ये आहे. 'तुला असं योग्य वाटतंय. मेलेल्यांबद्दल आणि आम्हा जिवंतांबद्दल हवा तो कायदा करायचा अधिकार तुझा आहे.' हुकूम बरा की वाईट, याबद्दल अक्षर नाही. लगेच क्रेऑन म्हणतो, मग यावर लक्ष ठेवा. तर हे म्हणतात, ते काम तरुणांना सांग. आणि हुकूम मोडणाऱ्याची बाजू घेऊ नका म्हटल्यावर, 'मरणाची हौस असलेला मूर्ख कोण असतो?' (२२०).

पहारेकरी येऊन सांगतो, कुणीतरी प्रेतावर माती टाकून गेलं. कोरस चाचरत म्हणतो, हे देवांचं तर काम नसेल (२७८). क्रेऑन खेकसतो, म्हातारे आहातच, मूर्खही ठरू नका. शंका तिथेच मिटते. पुन्हा कुणी काढत नाही.

भावाच्या प्रेतावर माती टाकल्याबद्दल अँटिगनीला पकडून आणल्यावर ती त्यांच्यासमोर सांगते की भीतीने तोंडं बांधली नसती तर हे सगळे माझ्या कृत्याला बरंच म्हणाले असते (५०४). क्रेऑन म्हणतो, तसं वाटणारी तू एकटीच. ती म्हणते, यांनाही तसंच वाटतं, तुझ्यापुढे तोंड मिटतात (५०९). यावर क्रेऑन देवाचा दाखला देत नाही, कायद्याचाही नाही. तो विचारतो, 'या सगळ्यांपेक्षा वेगळा विचार करायची तुला लाज वाटत नाही?' (५१०). चारचौघांसारखं वागण्याची सक्ती इतक्या उघडपणे क्वचितच कुठे बोलली गेली असेल. ज्यांच्या नावाने हा वाद चाललाय ते पंधराजण तिथेच उभे आहेत. दोघांपैकी कुणालाच ते खोटं पाडत नाहीत.

आता ओळ ७७०. क्रेऑन दोघी बहिणींना, अँटिगनीला आणि इस्मेनीला, मारायला निघालाय. कोरस एक साधा प्रश्न विचारतो: 'दोघींनाही?' क्रेऑन थबकतो, म्हणतो, नाही, जिने हात लावला नाही तिला सोडतो, बरोबर बोललात. एका प्रश्नाने इस्मेनीचा जीव वाचला. आणि तो विचारल्याबद्दल कुणाला शिक्षा झाली नाही.

शेवटी आंधळा द्रष्टा टायरेसिअस शाप उच्चारून गेल्यावर घाबरलेला क्रेऑन कोरसला विचारतो, 'काय करू? सांगा, मी ऐकतो' (१०९९). म्हणजे त्यांचं ऐकलं जाऊ शकत होतं. पण तोंड उघडेपर्यंत हजार ओळी गेल्या होत्या.

उत्तररात्र

मांडणी आवडली, पण एक मूलभूत हरकत. कोरसने कथानकात हात घालायचा नाही हा ग्रीक रंगभूमीचा संकेत आहे. एस्खिलसच्या 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्येही आतून राजाची किंकाळी ऐकू येते तेव्हा वृद्ध मंडळी आत जावं की नाही यावर मतं मांडत बसतात. हा नाट्यप्रकाराचा बंध आहे. त्याला भित्रेपणा म्हणता येईल का?

दुसरं म्हणजे क्रेऑनचा हुकूम आपल्याला वाटतो तितका विचित्र तेव्हाच्या प्रेक्षकाला वाटला नसणार. देशद्रोही आणि देवस्थान लुटणारे यांना अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या, भूमीत पुरू द्यायचं नाही असा अथेन्सचाच कायदा होता. इतिहासकार झेनोफनने सहा सेनापतींच्या खटल्याच्या हकिकतीत त्याचा उल्लेख केलाय. इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगतो की अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीझ याच्या अस्थी नातेवाइकांनी गुपचूप अ‍ॅटिकात आणून पुरल्या असं म्हणत, कारण देशद्रोहाच्या आरोपामुळे उघडपणे तसं करता येत नव्हतं. त्यामुळे पहिल्या भाषणात (१६२ ते २१०) क्रेऑन बोलतो ते ऐकून अथेन्सचा माणूस मान डोलावेल. आधी नगर, मग नातं. नगराचं जहाज तरलं तरच मैत्री जोडता येते. याच भाषणाचा काही भाग पुढे अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनीझने भर न्यायसभेत उत्तम राजकीय विचार म्हणून वाचून दाखवायला लावला होता.

क्रेऑन चुकतो तो पुढच्या पायरीवर. सीमेबाहेर नेऊन टाकणं वेगळं, आणि नगराच्या अंगणात प्रेत कुजत ठेवून पहारा बसवणं वेगळं. सीमेबाहेर टाकलं तर नातेवाईक परक्या भूमीत का होईना, संस्कार करू शकतात. इथे कुठेच कुणीच करायचे नाहीत. हा फरक सुटला की क्रेऑन नुसता खलपुरुष होतो आणि कोरसची चलबिचल समजेनाशी होते.

शाल्मली

उत्तररात्र यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड म्हणून वाल्मीकी रामायणातला युद्धकांडाचा प्रसंग आठवावा. रावण पडल्यावर विभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला कां कू करतो, तो अधर्मी होता म्हणतो. राम सांगतो, 'मरणान्तानि वैराणि', मरणाबरोबर वैर संपलं, याचे संस्कार कर, तो जसा तुझा तसाच माझाही. तिथे भाऊ मागे सरतो आणि जिंकलेला राजा आग्रह धरतो. थीब्जमध्ये बरोबर उलट आहे. म्हणूनच आपल्याकडच्या वाचकाला अँटिगनीची बाजू पहिल्या पानावरच पटते, आणि मग इस्मेनीशी अन्याय होतो.

इस्मेनीला बहुतेक वाचनांत 'भित्री बहीण' म्हणून निकालात काढतात. ओळ ४९ ते ६८ नीट वाचा. ती हिशेब मांडते. बाप अपकीर्तीत गेला, आईने फास घेतला, दोन भाऊ एकाच दिवशी एकमेकांच्या हातून मेले, उरलो आपण दोघी. आपण बायका, सत्ता पुरुषांच्या हाती. मी जमिनीखालच्यांची क्षमा मागेन आणि अधिकारावर असलेल्यांचं ऐकेन. यात हुकूम योग्य आहे असं ती एकदाही म्हणत नाही. तिला चूक दिसते, तरी ती हुकूम पाळते. बहुसंख्य माणसं बरोबर इथेच उभी असतात.

आता ओळ ७८-७९: 'मी त्यांचा अपमान करत नाही, पण नगरजनांच्या विरोधात जाणं माझ्या प्रकृतीत नाही.' 'नगरजनांच्या विरोधात' हे शब्द लक्षात ठेवा. ओळ ९०७ मध्ये मरणाच्या वाटेवर अँटिगनी तेच शब्द स्वतःबद्दल वापरते. नवरा किंवा मूल मेलं असतं तर नगरजनांच्या विरोधात जाऊन हे कष्ट मी घेतले नसते, म्हणते. ५०४ ला जी ठामपणे सांगत होती की नगर मनातून माझ्या बाजूने आहे, तिने ९०७ ला मान्य केलं की मी नगराच्या विरोधात गेले. मधल्या चारशे ओळींत काय घडलं? पंधराजण गप्प राहिले, एवढंच.

त्यामुळे ती शेवटी एकटी पडते ती क्रेऑनमुळे कमी आणि या गप्प बसण्यामुळे जास्त, हे अश्मक यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

अश्मक

उत्तररात्र, संकेताचा मुद्दा रास्त आहे, पण सोफोक्लीझने स्वतःच तो वाकवलेला आहे. त्याच्याच 'कलोनसमधला ईडिपस'मध्ये हाच क्रेऑन मुलींना ओढून न्यायला येतो तेव्हा कलोनसच्या वृद्धांचा कोरस त्याला आडवा जातो, सोड तिला म्हणतो, मदतीसाठी आरोळी ठोकतो. वय तेच, नाटककार तोच. म्हणजे थीब्जच्या वृद्धांचं मवाळपण नुसत्या संकेतातून आलेलं नाही, ते निवडून दिलेलं आहे.

जाता जाता एक सूचना, कारण वाचताना फार लोक इथे घसरतात. ईडिपस, कलोनस आणि अँटिगनी ही सलग नाटकत्रयी नाही. परंपरेने 'अँटिगनी' इसवी सनपूर्व ४४१च्या सुमाराची मानतात, 'राजा ईडिपस' त्यानंतरचं, आणि 'कलोनस' लेखकाच्या मृत्यूनंतर ४०१ मध्ये रंगभूमीवर आलं. पहिल्यातला क्रेऑन दुसऱ्यातल्या क्रेऑनचा पुढचा भाग समजून स्वभाव जुळवत बसलं तर दोन्ही नाटकं बिघडतात. मी वर कलोनसचा दाखला दिला तो फक्त कोरस काय करू शकतो एवढ्यापुरता.

कातळशिल्प

नवा वाचक आहे. पु. लं.चं 'राजा ओयदिपौस', म्हणजे ईडिपसचं नाटक, वाचलंय, त्यातून इकडे आलो. तिथे सगळं आधीच ठरलेलं असतं, पळून जाण्यासाठी उचललेलं प्रत्येक पाऊल भविष्यवाणीकडेच नेतं. 'अँटिगनी'तही कोरस घराण्याच्या शापाबद्दल गातो (५८२ पासून पुढे). मग इथे स्वातंत्र्य कसलं? तीही त्याच घराण्याची मुलगी.

अश्मक

फार चांगला प्रश्न. दोन्ही नाटकांत भविष्यवाणी कुठे ठेवलीय ते पाहा.

ईडिपसच्या नाटकात दैवी वाणी माणसाच्या जन्माआधीची आहे. नाटक सुरू होतं तेव्हा करायचं ते करून झालंय, उरलंय फक्त कळणं. 'अँटिगनी'त उलट आहे. पहिल्या ९८७ ओळींत एकही भविष्यवाणी नाही. अँटिगनीला कुणी सांगितलेलं नाही की तू अमुक करशील. तिला हुकूम माहीत आहे, दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा माहीत आहे (३६), आणि तरी ती जाते. टायरेसिअस येतो तोवर तिला जिवंत कोंडायला गुहेकडे नेलेलंही आहे.

आणि टायरेसिअस सुरुवातीला जे बोलतो ते भविष्य नव्हेच, ती तक्रार आहे. पक्षी आणि कुत्री प्रेताचे तुकडे वेदींवर आणून टाकतायत, देव होम स्वीकारत नाहीत. मग तो सांगतो की चूक सगळ्यांच्या हातून होते, पण चुकल्यावर जो दुरुस्त करतो आणि हटून बसत नाही तो अभागी नव्हे (१०२३ ते १०२८). या घडीला दार उघडं आहे. क्रेऑन त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो, त्यानंतर ते भयंकर भाकीत येतं: जिवंत जीव तू थडग्यात घातलास, मेलेला वर ठेवलास, याची भरपाई तुझ्याच पोटच्या गोळ्याने होईल. म्हणजे इथे भविष्यवाणी निर्णयाच्या मागून येते.

शापाचं गाणं कोण गातंय हेही बघा. कोरस. ज्यांनी काही केलं नाही त्यांना 'घराण्याचं नशीब' ही समजूत सोयीची पडते. पण तेच लोक ८२१ ला तिला म्हणतात, तू स्वतःच्याच कायद्याने जगतेस आणि जिवंतपणी मृत्युलोकात उतरतेस. ८७५ ला म्हणतात, तुझ्याच हट्टी स्वभावाने तुझा घात केला. त्यांच्या मधेच, ८५६ ला, बापाचं देणं फेडतेस असंही म्हणतात. साठेक ओळींत तीन कारणं. सोफोक्लीझ यातलं एकही अंतिम म्हणून शिक्का मारून देत नाही.

पाथरवट

क्रेऑनच्या शेवटच्या धावपळीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते नाटकातला सर्वांत नेमका तपशील तिथे आहे.

११००-११०१ मध्ये कोरस दोन कामं क्रमाने सांगतो. आधी जा, गुहेतून मुलीला सोडव. मग उघड्यावर पडलेल्याला थडगं बांध. क्रेऑन म्हणतो, निघालोच. टिकाव-कुऱ्हाडी घ्या, असं सेवकांना सांगतो. पुढे निरोप्या काय घडलं ते सांगतो (११९६ पासून). ते आधी माळावर गेले. कुत्र्यांनी फाडलेलं प्रेत गोळा केलं, हेकाटी आणि प्लूटो या पाताळातल्या देवतांची प्रार्थना केली, प्रेताला स्नान घातलं, नुकत्या तोडलेल्या फांद्यांवर जाळलं, मायभूमीच्या मातीचा उंच ढिगारा रचला. आणि मग गुहेकडे वळले. क्रम उलटा केला.

ओल्या फांद्यांची चिता, स्नान, मातीचा ढीग, या सगळ्याला लागणारा वेळ मोजा. गुहेपाशी पोहोचतात तेव्हा अँटिगनीने अंगावरच्या तलम कापडाचा फास करून गळफास घेतलेला आहे आणि क्रेऑनचा मुलगा आणि तिचा नियोजित वर हायमन तिच्या कमरेला मिठी मारून रडतोय. मग हायमन बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार चुकतो, तीच तलवार स्वतःच्या कुशीत खुपसतो. निरोप्याकडून हे ऐकून त्याची आई युरिडिसी एक शब्द न बोलता आत निघून जाते.

क्रम का उलटला? नाटक कारण देत नाही. मला वाटतं, क्रेऑन अखेरपर्यंत राज्यकर्ता म्हणूनच विचार करतो. विटाळ नगराला लागलाय, तो प्रेताचा आहे, तर आधी प्रेत. गुहेतली मुलगी ही एका माणसाची गोष्ट, ती दुसऱ्या नंबरवर. शिक्षा बदलतानाही त्याने हाच विचार केला होता. दगडांनी मारण्याऐवजी गुहेत कोंडायचं आणि विटाळ टाळण्यापुरतं अन्न ठेवायचं (७७५), म्हणजे मारलं असं म्हणता येणार नाही आणि नगराचे हात स्वच्छ राहतील. वाकायचं ठरवल्यावरही तो जुन्याच सवयीने वाकतो.

उत्तररात्र

पाथरवट, तपशील बिनचूक आहे, पण निष्कर्षाला अर्धीच संमती. टायरेसिअसने येऊन गाऱ्हाणं मांडलं ते प्रेताचं, मुलीचं नव्हे. त्याच्या शेवटच्या शब्दांत गुहा येते, पण देव रुसल्याची सगळी लक्षणं, वेदी, होम, पक्ष्यांचा कलकलाट, प्रेताशी जोडलेली आहेत. देवांची भीती वाटलेला माणूस आधी प्रेताकडे धावला तर त्यात शासकी बुद्धीच असेल असं नाही, धार्मिक घाई असू शकते. शिवाय अँटिगनीने फास नेमका केव्हा घेतला ते नाटक सांगत नाही. सरळ गुहेकडे गेले असते तर ती वाचली असती, हे आपण गृहीत धरतोय.

पाथरवट

वेळेचं मान्य. कारणाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. घाई धार्मिक असली, तरी दोन कामांत माणूस मागे राहिला हे उरतंच. आणि निरोप्याच्या कथनात संस्कारांचं वर्णन इतकं तपशीलवार देऊन मग 'त्यानंतर' गुहेकडे वळवणं, ही लेखकाने मुद्दाम केलेली रचना आहे. ११०१ आणि १२०४ शेजारी ठेवून वाचलं की ती दिसते.

नेपथ्य

प्रयोगाच्या बाजूने थोडं. इथे काहीजण अभिवाचनाच्या विचारात असतील असं धरून लिहितो.

मूळ प्रयोगात बोलणारे नट तीनच असत, पुरुष, मुखवटे घातलेले. भूमिकांची एक वाटणी अशी बसते. पहिला नट: अँटिगनी, हायमन, टायरेसिअस, युरिडिसी. दुसरा: इस्मेनी, पहारेकरी आणि निरोपे. तिसरा फक्त क्रेऑन. ये-जा तपासून पाहा. पहारेकरी ४४५च्या आसपास जातो आणि इस्मेनी ५२६ नंतर येते. हायमन ७६५ ला जातो, अँटिगनी ८०६ ला परत येते, मुखवटा बदलायला चाळीस ओळी पुरतात. मूळ वाटणी हीच होती असा दावा नाही, पण ही निभते. आणि यात एक जबरदस्त गोष्ट घडते. क्रेऑनला नाही म्हणणारे चारही आवाज एकाच गळ्यातून येतात, हुकूम निमूट पाळणारे आणि निरोप पोहोचवणारे दुसऱ्या गळ्यातून. तीन वाचकांत अभिवाचन करायचं असेल तर अशीच वाटणी करा, विषय आपोआप ऐकू येतो.

क्रेऑन तिसऱ्या नटाकडे जात असे याला आधार डेमॉस्थेनीझच्या भाषणाचाच आहे. त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनीझ आधी नट होता आणि त्याने तिसऱ्या दर्जाचा नट म्हणून क्रेऑन केला होता. थिओडोरस आणि अ‍ॅरिस्टोडेमससारखे नावाजलेले नट अँटिगनी करत.

पहारेकऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. प्रेक्षक हसतो तो त्याच्यामुळे, आणि बेतलेलं वागणं सर्वांत स्पष्ट दिसतं तेही त्याच्यात. चिठ्ठी त्याच्या नावाची निघते म्हणून तो बातमी घेऊन येतो (२७५). आपण निर्दोष आहोत हे दाखवायला तापलेलं लोखंड हातात धरायची, आगीतून चालायची सगळ्यांची तयारी असते (२६४), पण हुकमाबद्दल विचार करायची कुणाचीच नसते. मुलीला पकडून आणल्यावर तो सरळ सांगतो, मला आनंदही होतोय आणि दुःखही. स्वतः सुटल्याचा आनंद, ओळखीच्या माणसाला संकटात घातल्याचं दुःख. पण माझ्या सुटकेपुढे बाकी सगळं कमीच (४३९-४४०). हे वाक्य हशासाठी घाईने उडवलं की प्रयोगाचा कणा मोडतो. सावकाश, खरेपणाने बोलायला लावा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते क्रेऑनला पहिल्या प्रवेशापासून गुरकावायला लावल्याने. तसं केलं की कोरसच्या २११च्या होकाराला भीतीशिवाय कारणच उरत नाही, आणि ती माणसं बाहुली होतात. पहिलं भाषण शांत, समंजस, पटणारं हवं. आवाज पहिल्यांदा चढायला हवा तो २८० ला, कोरस देवांचं नाव काढतो तेव्हा. तिथून पायरीपायरीने हायमनशी वादापर्यंत.

शाल्मली

हायमनच्या प्रवेशाला जोडून. तो बापाला विरोध करतो तो अँटिगनीच्या पद्धतीने नाही. देवांचे अलिखित कायदे तो पुढे करत नाही, लोकमत पुढे करतो. 'तुझ्यासमोर बोलायला लोक घाबरतात, पण अंधारात मला ऐकू येतं, नगर त्या मुलीसाठी हळहळतंय' (६९० ते ७००). मग पुरात वाकणाऱ्या झाडांचं, आणि शीड सैल न सोडणाऱ्या नावाड्याचं उदाहरण. क्रेऑन विचारतो, मी काय हुकूम काढायचे ते नगर मला सांगणार? (७३४). हायमन म्हणतो, एका माणसाचं असतं ते नगरच नव्हे (७३७). नगराचं नाव घेऊन राज्य करणारा माणूस इथे पहिल्यांदा नगराला झिडकारतो. कोरस काय म्हणतो? दोघांचंही बरोबर आहे, एकमेकांकडून शिका (७२४-७२५). हायमन ज्यांच्या मनातलं बोलतोय तेच हे लोक. एकाने पुढे येऊन 'हो, मीही हळहळतो' एवढं म्हणायचं होतं.

अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात हायमनचा उल्लेख केलाय तो मात्र नापसंतीने. जाणूनबुजून मारायला निघणं आणि न मारणं हा कथानकाचा सर्वांत कमकुवत प्रकार, त्याचं उदाहरण म्हणून. मला ते पटत नाही. वार चुकतो आणि तो स्वतःवर उलटतो, यात मुलगा बापाला शेवटपर्यंत पूर्णपणे नाकारू शकला नाही हेच दिसतं.

कातळशिल्प

९०४ ते ९२० बद्दल कुणी सांगेल का? नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ दुसरा मिळणार नाही, हा युक्तिवाद फार कोरडा वाटतो. देवांच्या कायद्यावर उभी असलेली मुलगी अचानक हिशेब का करू लागते? काही लोक हा भाग मागाहून घुसडलेला मानतात असं वाचलं.

उत्तररात्र

हो, जुना वाद आहे. जर्मन कवी गटेने १८२७ मध्ये आपला सहायक एकरमनशी बोलताना इच्छा व्यक्त केली होती की कुणी विद्वानाने हा भाग प्रक्षिप्त ठरवावा. पण अ‍ॅरिस्टॉटल वक्तृत्वशास्त्रात याच ओळी उद्धृत करतो. म्हणजे इसवी सनपूर्व चौथ्या शतकात तरी त्या नाटकात होत्याच. आणि हाच युक्तिवाद इतिहासकार हिरोडोटसच्या तिसऱ्या ग्रंथात इंटाफर्नीझ या पर्शियन सरदाराच्या बायकोच्या तोंडी आहे. राजा दारियस तिच्या कैदेतल्या माणसांपैकी एकाला सोडायला तयार होतो, ती भावाला मागते. फरक एवढाच की तिथे भाऊ जिवंत आहे आणि वाचतो. इथे तो मेलेला आहे, त्यामुळे हिशेब व्यवहारात निरर्थक ठरतो. तरी ती करते.

माझं वाचन: ती पहिल्यांदाच स्वतःसाठी कारण शोधतेय. ४५० ला ती क्रेऑनला उत्तर देत होती, तेव्हा देव पुरेसे होते. इथे तिच्यासमोर वाद घालणारं कुणी नाही, देवांकडूनही खूण नाही. ९२५ ला ती म्हणतेही, देवांना हेच बरं वाटत असेल तर भोगून मला माझी चूक कळेल. स्वतः निवडलेल्या कृत्यावर शंका घ्यायला ती मोकळी आहे, आणि शंका घेऊनही ती माघार घेत नाही. हा भाग गाळला की ती पुतळा होते.

कातळशिल्प

आता ९०४ वेगळं वाचता येतंय. शेवटचा प्रश्न: तीन वाचक आणि कोरससाठी एक आवाज, वेळ साधारण पन्नास मिनिटं. काय ठेवू, काय काढू?

नेपथ्य

पूर्ण संहिता सावकाश वाचली तर दीड तासाच्या पुढे जाते, म्हणजे जवळपास निम्मी कापावी लागेल. काढायची ती गाणी काढा: १०० ते १६१ मधलं विजयगीत, ९४४ ते ९८७ मधल्या पुराणकथा, १११५ पासूनचं डायोनायससचं आवाहन. माणसाच्या सामर्थ्याचं गाणं (३३२) पहिल्या आठ-दहा ओळींपुरतं ठेवा. टायरेसिअसच्या होमाचं वर्णन आखडता येईल.

हात लावू नये ते: बहिणींचा पहिला प्रवेश पूर्ण, २११ ते २२०, २७८ ते २८१, ४५० ते ४७०, ४९७ ते ५११, ७७० ते ७७६, ९०४ ते ९२८, १०९१ ते १११४. आणि निरोप्याच्या भाषणात प्रेताचे संस्कार छाटायचा मोह होतो, कारण गुहेचा भाग जास्त नाट्यमय आहे. ते छाटू नका, नाहीतर पाथरवट यांनी दाखवलेला उलटा क्रम श्रोत्याला कळणारच नाही.

कोरस एकाच आवाजात वाचणार असाल तर त्या वाचकाला बाकीच्या तिघांच्या मध्ये बसवा आणि ५०४ ते ५१० च्या वेळी त्याला वर पाहायला सांगा. अँटिगनी आणि क्रेऑन दोघेही त्याच्याकडे बघून बोलतील. त्याने त्या सात ओळींत हातातला कागद खाली ठेवायचा नाही, पान उलटायचं नाही. ५१० नंतर दोन श्वासांचा विराम द्या, मग ५११.

पाथरवट

एक भर. १०९९ ला क्रेऑन 'सांगा' म्हणतो, तेव्हा कोरसच्या वाचकाने लगेच उत्तर द्यायचं. अडखळायचं नाही. काय करायला हवं ते त्याला आधीपासून माहीत आहे.